न लिहिलेला गणवेश

नोकरीचं पत्र येतं, रुजू होण्याची तारीख कळते, आणि सूचनांच्या यादीत कुठेतरी एक ओळ असते: पोशाख बिझनेस कॅज्युअल. हिंजवडीत, ऐरोलीत किंवा खराडीत पहिल्यांदाच ऑफिसची पायरी चढणाऱ्या मुलाला दिलासा मिळावा म्हणून ती लिहिलेली असते. टाय नको, कोट नको, काळे बूटही सक्तीचे नाहीत. साहेब आणि कारकून यांच्यातली कपड्यांची भिंत पडली, आता माणूस कामावरून जोखला जाईल, असं या दोन शब्दांबद्दल सर्रास मानलं जातं.

हे मानणं वरवरचं आहे. बिझनेस कॅज्युअलने पुरुषांच्या पोशाखाचा नियम रद्द केला नाही. कागदावरून उचलून तो बघणाऱ्याच्या नजरेत नेऊन ठेवला. कागदावरचा नियम कुणालाही वाचता येतो. नजरेतला नियम त्यालाच कळतो, ज्याच्या घरात, शाळेत, मित्रांत तो आधीपासून वावरत आला आहे. त्यामुळे या मोकळिकीचा फायदा आधीच स्थिरावलेल्यांना होतो, आणि घराण्यातून पहिल्यांदाच अशा नोकरीत आलेल्याच्या वाट्याला एक अभ्यासक्रम येतो, ज्याचं पुस्तक कुठेच मिळत नाही आणि परीक्षा मात्र रोज असते. सूट-टायकडे परत जाऊन हे सुटणार नाही. नियम पुन्हा लिहावा लागेल, आणि तो इथल्या हवेला मानवेल, इथल्या पहिल्या पगाराला परवडेल असा लिहावा लागेल.

१. मोकळीक दुकानातून आली

या पोशाखाचा उगम बहुतेक जण सिलिकॉन व्हॅलीत शोधतात. त्याचं एक मूळ त्याहून जुनं, हवाई बेटांत आहे, आणि तिथेही सुरुवात कपडे तयार करणाऱ्यांनीच केली. १९६२ मध्ये हवाईतल्या वस्त्रोत्पादकांच्या संघटनेने राज्याच्या विधिमंडळातल्या प्रत्येक सदस्याला दोन-दोन अलोहा शर्ट भेट दिले. उन्हाळ्यात कामावर हे रंगीत, सैल, अर्ध्या बाहीचे शर्ट चालावेत अशी त्यांची मोहीम होती. १९६६ पासून शुक्रवारी ते घालून ऑफिसला येण्याची प्रथा रुळली.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ही कल्पना पोचली तेव्हा गोंधळ उडाला. शुक्रवारी टाय नको म्हटल्यावर नेमकं घालायचं काय, हे ना कर्मचाऱ्यांना ठाऊक होतं ना मनुष्यबळ विभागाला. तो गोंधळ लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने ओळखला. १९८६ मध्ये तिने डॉकर्स नावाने सुती खाकी पँटी बाजारात आणल्या होत्याच. १९९२ मध्ये तिने ऑफिसातल्या सुट्या पोशाखाचं मार्गदर्शन करणारी एक छोटी पुस्तिका काढली आणि सुमारे २५ हजार मनुष्यबळ अधिकाऱ्यांना पाठवली. साहजिकच पुस्तिकेतल्या आदर्श पोशाखात खाकी पँट होती. तीन वर्षांनी, १९९५ मध्ये, गडद सूट आणि पांढऱ्या शर्टासाठी ओळखल्या जाणाऱ्या आयबीएमनेही आपला दंडक सोडला.

भारतात क्रम फारसा वेगळा नव्हता. मदुरा गारमेंट्स या कंपनीने १९८९ मध्ये लुई फिलिप आणि १९९३ मध्ये अ‍ॅलन सॉली हे तयार कपड्यांचे ब्रँड आणले. या दुसऱ्या नावासोबत ‘फ्रायडे ड्रेसिंग’ ही कल्पना जाहिरातींतून मध्यमवर्गाच्या कानावर घातली गेली. उदारीकरणाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. बंगळूर, पुणे, हैदराबादची सॉफ्टवेअर कार्यालयं अजून उभी राहत होती, आणि त्यांचा शुक्रवारचा पोशाख त्यांच्या आधी दुकानात टांगलेला होता. पुढे १ जून २०१५ पासून इन्फोसिसने आठवडाभर बिझनेस कॅज्युअलची मुभा दिली, तेव्हा ती बातमी झाली.

दुकानदाराने आणली म्हणून कुठली गोष्ट वाईट ठरत नाही. पण जिथे नियमच नसतो तिथे मार्गदर्शक पुस्तिका लागत नाही. पंचवीस हजार पुस्तिका लागल्या, कारण जुन्या नियमाची जागा नव्या नियमाने घेतली होती आणि तो कुणालाच नीट माहीत नव्हता.

२. सुट्या शर्टाचं व्याकरण

सूट-टायचा नियम जाचक होता, पण आटोपशीर होता. पांढरा किंवा फिकट निळा फुल शर्ट, काळी किंवा राखाडी पँट, काळे लेदरचे बूट, काळा पट्टा, गडद टाय. लातूरच्या किंवा बुलढाण्याच्या कॉलेजातून प्लेसमेंटला बसणारा मुलगा हे एका संध्याकाळी शिकतो. होस्टेलवर एकच टाय चार-पाच जण आळीपाळीने बांधतात. मुलाखतीच्या खोलीत कपड्यांपुरती तरी त्याची आणि दक्षिण मुंबईतल्या मुलाची बरोबरी जवळपास होते.

बिझनेस कॅज्युअलमध्ये ही संध्याकाळ पुरत नाही. कॉलरचा टी-शर्ट चालतो, गोल गळ्याचा बहुधा चालत नाही. छातीवर चिन्ह छोटं असेल तर ठीक, आडवं मोठं नाव असेल तर खटकतं. जीन्स काही ठिकाणी चालते, पण ती गडद निळी, न विटलेली, न फाटलेली हवी. शर्ट बाहेर ठेवायचा तर तो मुळात तसा शिवलेला लागतो: खालची कड सरळ, लांबी झिपच्या मध्याच्या जरा खाली. पुढे-मागे लांब गोलाई असलेला शर्ट इन करण्यासाठी असतो. तोच बाहेर सोडला की माणूस गबाळा दिसतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी बसायला हवी. ती दंडावर उतरली की महागाचा शर्टही मागून आणल्यासारखा वाटतो. पँट बुटावर एकदा हलकी मोडावी, चुण्यांचा ढीग होऊ नये. गडद पँटखाली पांढरे मोजे नकोत. खेळाचे बूट चालतील की नाही हे तर ते बूट कोणते यावर ठरतं: मैदानावर धावायचे रंगीबेरंगी बूट चालत नाहीत, साधे पांढरे, लेदरचे, स्वच्छ बूट चालतात.

यातली एकही गोष्ट कंपनीच्या सूचनापत्रात नसते. यातल्या एकाही गोष्टीने कोड लिहिण्याच्या किंवा ताळेबंद तपासण्याच्या कौशल्यात तसूभर फरक पडत नाही.

शिवाय हे कपडे कुठून आले ते पाहण्यासारखं आहे. कॉलरला बटणं असलेला शर्ट अमेरिकेच्या ब्रुक्स ब्रदर्सने १८९०च्या दशकात इंग्लंडमधल्या पोलो खेळाडूंचा पाहून आणला. आज पोलो टी-शर्ट म्हणतात तो फ्रेंच टेनिसपटू रेने लाकॉस्तने १९२०च्या दशकात कोर्टवर रूढ केला. खाकी कापड १८४०च्या दशकात पेशावर भागात हॅरी लम्सडेनच्या गाइड्स पलटणीने अंगावर चढवलं; दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून थेट महाविद्यालयांत गेलेल्या अमेरिकी तरुणांनी त्याच जातीच्या सुती पँटी वर्गात नेल्या. खाकी सोडली तर हा पोशाख म्हणजे युरोपी-अमेरिकी उच्चवर्गाच्या मैदानाचा, क्लबचा आणि सुटीचा पोशाख आहे. ज्या घरांत क्लब आणि सुटी या गोष्टीच नव्हत्या, त्या घरातल्या मुलाने तो सहज घालावा ही अपेक्षा मुळातच वाकडी आहे.

पैशाचा हिशेब याहून अवघड आहे. पॉलिस्टर-व्हिस्कोसची फॉर्मल पँट स्वस्तात शिवून मिळते, घडी मोडत नाही, रंग विटत नाही, एक दिवसाआड घातली तरी दोन वर्षं निघतात. सुती चिनो पँट दहा-पंधरा धुण्यांत गुडघ्यावर फिकी पडते, बसल्याजागी चुरगळते, दर वेळी इस्त्री मागते. जो पोशाख ‘साधा’ म्हणून सांगितला जातो, तो चांगला दिसत ठेवायला जास्त पैसे आणि जास्त कष्ट लागतात. भाड्याच्या खोलीत तिघांत एक इस्त्री असलेल्या मुलाला हे पहिल्या महिन्यातच कळतं.

३. नजर काय वाचते

कपड्यांवरून माणूस ओळखू नये, हे सगळ्यांना मान्य असतं. पण तसं होतं, आणि ठरवूनही थांबवता येत नाही. डाँगवॉन ओ, एल्डार शफीर आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. चेहरे तेच, खाली दिसणारे कपडे मात्र कधी जरा श्रीमंत वाटणारे, कधी जरा गरीब. कपडे सगळे साधेच, रोजचेच होते. तरी श्रीमंत वाटणाऱ्या कपड्यांतला तोच चेहरा लोकांना अधिक कर्तबगार वाटला. चित्र सेकंदाच्या सुमारे आठव्या भागापुरतं दाखवलं तरी निकाल तोच. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं बजावलं, अचूक उत्तराला बक्षीस ठेवलं, तरी पूर्वग्रह गेला नाही.

दुसरा अभ्यास या विषयाच्या अधिक जवळचा आहे. सिल्व्हिया बेलेझ्झा, फ्रँचेस्का जिनो आणि अनात कैनान यांनी २०१४ मध्ये दाखवलं की संकेत मोडून कपडे घालणाऱ्याकडे काही वेळा उलट जास्त आदराने पाहिलं जातं. नामांकित विद्यापीठातला दाढी राखलेला, टी-शर्टमधला प्राध्यापक विद्यार्थ्यांना टाय लावलेल्या प्राध्यापकापेक्षा वरचा वाटला. मात्र याला एक अट आहे: हा माणूस जाणूनबुजून संकेत मोडतो आहे असं बघणाऱ्याला वाटायला हवं. त्याला नियम माहीतच नसावा अशी शंका आली की तोच टी-शर्ट त्याच्या विरोधात जातो.

बिझनेस कॅज्युअलची विषमता नेमकी इथे आहे. कंपनीचा संस्थापक चुरगळलेल्या टी-शर्टात आला तर तो कामात बुडालेला दिसतो. सहा महिन्यांपूर्वी लागलेला कंत्राटी कामगार तसाच आला तर तो बेशिस्त दिसतो. मोकळीक दोघांना सारखी दिली आहे, पण ती वापरण्याची किंमत एकालाच मोजावी लागते.

ब्रिटनमध्ये हे सरकारी अहवालात नोंदलं गेलं. तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशनने २०१६ मध्ये गुंतवणूक बँकांतल्या भरतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सूटवर तपकिरी बूट घातले किंवा भडक टाय बांधला, एवढ्यावरून कामगारवर्गातून आलेले हुशार उमेदवार मागे पडत असल्याचं त्यात आढळलं. तपकिरी बूट घालू नयेत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त आत असलेल्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे याचं नाव वेगळं आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांच्या पंचवीस मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष मांडले. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं ते अधिकारी ठामपणे सांगत होते आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ फार महत्त्वाची असल्याचंही सांगत होते. पार्श्वभूमी विचारून कळते तशी ती विचारल्याशिवायही वाचली जाते: बोलण्याच्या लकबीतून, बसण्यातून, आणि शर्टाच्या कापडातून.

४. महाराष्ट्राला हे नवं नाही

कपडा ही जातीची पाटी असते, हे या मातीत कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पगडीच्या घाटावरून आणि धोतराच्या काठावरून माणसाची जात, गाव, धंदा ओळखला जात असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, तेव्हा त्यांनी लुगडं नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जाड दागिने यांचा विषय मुद्दाम काढला. त्यावरून लोक अस्पृश्य ओळखतात, ती खूण टाकून द्या, असं त्यांचं सांगणं होतं. मनुस्मृती जाळली गेली ती परिषद हीच. इतक्या मोठ्या प्रसंगी लुगड्याबद्दल बोलणं त्यांना क्षुल्लक वाटलं नाही.

ते स्वतः कोट-पँट-टायमध्ये वावरले, आणि राज्यातल्या गावोगावच्या पुतळ्यांतही ते त्याच पोशाखात उभे आहेत. या पोशाखाला इंग्रजांचं अनुकरण म्हणणाऱ्यांना त्याचा अर्थ कळलेला नसतो. ज्याला शतकानुशतकं चांगलं कापड अंगाला लावू दिलं नाही, त्याच्यासाठी कडक इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट हा बरोबरीचा दावा असतो. याउलट २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी पंचा स्वीकारला, तेव्हा त्या त्यागाचं वजन सगळ्या देशाला जाणवलं. ते वजन खरं होतं. पण लंडनला बॅरिस्टर झालेल्या माणसाने सोडलेला कोट आणि ज्याच्याकडे कोट कधी नव्हताच त्याचा उघडा खांदा, या दोन्हींकडे समाज एकाच नजरेने पाहत नाही. सोडून देण्याचा मान मिळायला आधी ती गोष्ट जवळ असावी लागते.

म्हणूनच आजही अनेक तरुण शुक्रवारीसुद्धा शर्ट इन करून, काळे बूट घालून ऑफिसला येतात आणि सहकाऱ्यांकडून ‘इंटरव्ह्यू आहे का?’ असं ऐकून घेतात. त्यांना मोकळं होता येत नाही, असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. मोकळं होण्यातला धोका त्यांनी बरोबर जोखलेला असतो.

५. अंगातला कोट गेला, खोलीतला राहिला

हवेचा मुद्दा पोशाखाच्या चर्चेत क्वचित येतो, आणि आला तरी गंमत म्हणून. खरं तर तो सगळ्यात मोजता येण्याजोगा आहे. कपडे किती ऊब धरतात हे मोजण्यासाठी ‘क्लो’ नावाचं एकक १९४१ मध्ये अमेरिकेत ठरलं. स्वस्थ बसलेल्या माणसाला २१ अंश सेल्सियसच्या खोलीत सुखावह वाटेल इतकी ऊब म्हणजे १ क्लो, आणि त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे पुरुषाचा सूट. पातळ पँट आणि अर्ध्या बाहीचा शर्ट साधारण अर्धा क्लो भरतो. पुरुषांनी कोट काढला म्हणजे खोलीचं तापमान वर जायला हवं होतं. अनेक ऑफिसांत ते गेलं नाही. टाय निघाला तरी वातानुकूलन टाय बांधल्याप्रमाणेच चालू राहिलं, आणि बाहेर ३८ अंश असताना आत लोक जॅकेट घालून बसले.

थंडीचा त्रास स्त्रियांना अधिक होतो, आणि त्यालाही पुरुषाचं मोजमाप कारण आहे. बोरिस किंग्मा आणि वाउटर व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की इमारतींचे तापमानाचे निकष चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरावर बेतलेले आहेत आणि स्त्रियांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ते ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरतात. पुरुषांच्या पोशाखाचा प्रश्न फक्त पुरुषांचा नाही, तो असा.

जपानने हा धागा नीट पकडला. २००५ च्या उन्हाळ्यात पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ‘कूल बिझ’ मोहीम सुरू केली. सरकारी कार्यालयांत तापमान २८ अंशांवर ठेवायचं, टाय आणि कोट काढायचे. अडचण अशी होती की जपानी कर्मचाऱ्याला उकाड्यापेक्षा समोरच्याचा अवमान होण्याची भीती मोठी वाटत होती. म्हणून पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी स्वतः टायविना लोकांसमोर आले, मंत्री आले, बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी फॅशन शोमध्ये हे कपडे घालून दाखवले. काय चालेल याची यादी जाहीर झाली. २०११ च्या भूकंपानंतर विजेची टंचाई आली तेव्हा यादी वाढवून त्यात पोलो टी-शर्ट आणि अलोहा शर्टही आले. मोकळीक वरून सुरू झाली, लिहून दिली गेली, आणि तिचं कारण सगळ्यांना सांगितलं गेलं.

भारतात १ जानेवारी २०२० पासून नव्या वातानुकूलन यंत्रांचं मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणं बंधनकारक झालं. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण त्या २४ अंशांत घालायचं काय, हे कंपन्यांच्या पोशाखाच्या नियमांशी फारसं जोडलं गेलं नाही. वास्तविक आपल्याकडे याचं उत्तर होतं. १९७० आणि ८० च्या दशकांत कचेऱ्यांत, बँकांत, महामंडळांत बुशशर्ट आणि सफारी सर्रास दिसत. अर्ध्या बाहीचा, बाहेर सोडायचा, खिशांचा, अंगाला न चिकटणारा तो कपडा मे महिन्यातल्या अकोल्याला शोभेल असाच होता. तो बावळट ठरवून टाकला गेला आणि त्याच्या जागी मँचेस्टरच्या हवेला साजेसा, लांब बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला शर्ट आला. हे नुकसान झालं, असंच म्हणायला हवं.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की मोठ्या माणसांना काय घालावं हे सांगायचं कशाला? यासाठी जनरल मोटर्सचं उदाहरण हमखास दिलं जातं. मेरी बॅरा तिथल्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख असताना त्यांनी दहा पानांची पोशाख नियमावली रद्द करून ‘योग्य कपडे घाला’ या अर्थाचा, दोन इंग्रजी शब्दांचा नियम ठेवला. पण ही गोष्ट बहुतेक वेळा अर्धी सांगितली जाते. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लगेच तक्रार केली की हे फारच मोघम आहे. त्याच्या विभागातल्या लोकांना कधीकधी ऐनवेळी सरकारी अधिकाऱ्यांना भेटावं लागे. बॅरांनी त्याला आपल्या लोकांसोबत बसून बोलायला सांगितलं. ते बसले आणि त्यांनी ठरवलं: ज्यांना अशा भेटी घ्याव्या लागतात त्यांनी कपाटात एक नीट पँट ठेवायची. म्हणजे दोन शब्दांचा नियम यशस्वी झाला तो लोकांनी एकत्र बसून त्याचा तपशील उघडपणे ठरवला म्हणून. ती बैठक गाळून फक्त दोन शब्द उचलले तर हाती काहीच लागत नाही. गोल्डमन सॅक्सने मार्च २०१९ मध्ये पोशाखाचा नियम सैल केला, तेव्हा कर्मचाऱ्यांना कळवताना कामाच्या ठिकाणी काय योग्य आणि काय नाही हे आपल्या सर्वांनाच ठाऊक आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात होतं. हे ‘सर्व’ कोण, यावरच सगळा वाद आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लिहिलेला नियम हातात आला की पहारेकरी तयार होतात. ८ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचा निर्णय काढला, तेव्हा जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर यांवरच्या बंदीचीच चर्चा सर्वाधिक झाली. त्याच निर्णयात शुक्रवारी खादी वापरण्याची सूचना होती, तिच्याकडे मात्र कमी लक्ष गेलं. चेन्नईत तर जुलै २०१४ मध्ये एका क्रिकेट क्लबने वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच दारात अडवलं. तो क्लबचा लिहिलेला नियम होता. पण त्याला उत्तरही लिहूनच द्यावं लागलं: पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेने वेष्टीला मज्जाव करणारे असे नियम बेकायदा ठरवणारा कायदा केला. नियम लिहिलेला होता म्हणून तो दिसला, त्याच्यावर टीका झाली, तो मोडता आला. नजरेतल्या नियमाविरुद्ध कुणी विधेयक आणू शकत नाही. वाईट नियमांचा दोष त्यांच्या लिहिण्यात नसून त्यांच्या रोखात असतो. काय चालणार नाही याची यादी माणसाला दारात अडवते; काय चालेल याची यादी त्याला आत यायला मदत करते.

तिसरा आक्षेप: हे सगळं पुरुषांच्या बाबतीत कशाला, पोशाखाचा खरा जाच तर स्त्रियांना होतो. हे खरं आहे. स्त्रीच्या कपड्यांवर शेरे मारले जातात, तिच्या चारित्र्यापर्यंत ते नेले जातात. पुरुषाच्या वाट्याला हे क्वचित येतं. पण पुरुषांचा पोशाख हेच ऑफिसचं मूळ माप समजलं जातं आणि बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, हे तापमानाच्या उदाहरणात दिसलंच. ते माप मोघम राहिलं तर त्याची झळ सगळ्यांना लागते. पुरुषांनी आपला नियम उघडपणे लिहून काढणं ही स्त्रियांच्या बाजूनेही उपयोगाची गोष्ट आहे.

७. मग लिहायचं काय

मजकूर एका पानात मावायला हवा आणि तो कपड्यांच्या नावांनी लिहायला हवा. ‘व्यावसायिक’, ‘शोभेसा’, ‘नीटनेटका’ या विशेषणांनी नाही. उदाहरणार्थ: कॉलर असलेला कुठलाही शर्ट किंवा टी-शर्ट, पूर्ण किंवा अर्ध्या बाहीचा, आत किंवा बाहेर. कुठल्याही कापडाची पूर्ण लांबीची पँट, न फाटलेली जीन्स धरून. कुर्ता, त्याखाली पँट किंवा पायजमा. बंद बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल. बाहेरच्या ग्राहकाची भेट असेल त्या दिवशी फुल शर्ट आणि बूट. तशी भेट असेल तर आदल्या दिवशी कळवलं जाईल.

यातलं ‘कुठल्याही कापडाची’ आणि ‘आत किंवा बाहेर’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. पॉलिस्टरची पँट आणि इन केलेला शर्ट घालून येणाऱ्याला जुनाट ठरवण्याची मुभा कुणाला राहू नये. त्याचप्रमाणे कुर्ता ‘ट्रॅडिशनल डे’च्या कोपऱ्यातून बाहेर काढायला हवा. इंडोनेशियात बाटिकचा लांब बाह्यांचा शर्ट मंत्र्यांपासून कारकुनापर्यंत औपचारिक पोशाख म्हणून चालतो. फिलिपिन्समध्ये बारोंग या शर्टाला तोच मान आहे. खादीचा किंवा हातमागाचा अर्ध्या बाहीचा शर्ट सोमवारच्या बैठकीत का चालू नये, याचं एकही कामाशी निगडित कारण देता येत नाही. सोलापूर, इचलकरंजी, भिवंडीत कापड विणणाऱ्या राज्याने तर ते विचारायलाच हवं.

नियमासोबत त्याचं कारणही लिहावं. यंत्राजवळ काम असेल तर सैल बाह्या नकोत, प्रयोगशाळेत उघडी पावलं नकोत, ही कारणं सांगता येतात आणि ती सगळे पाळतात. कारण सांगता येत नसेल तर ती अट खोडावी. आणि वरिष्ठांनी तोच नियम पाळावा. विभागप्रमुख हाफ शर्टात आला, तर खालच्या माणसाला हाफ शर्ट घालायला धीर येतो. तो ब्लेझरमध्ये आला आणि बाकीच्यांना मोकळं राहा म्हणाला, तर कुणीही मोकळं राहत नाही. थंडी वाजत नसताना घातलेला ब्लेझर ही सूचनाच असते.

पैशाचा विषय मनुष्यबळ विभागाच्या खात्यात येतो. पाच शर्ट, तीन पँटी, एक जोडी बूट आणि एक पट्टा, एवढ्यात आठवडा भागतो. पण हे सगळं पहिल्या दिवशी लागतं आणि पहिला पगार महिनाअखेरीस येतो. मधल्या काळात अनामत रक्कम, खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि प्रवास असतो. हा ताण ज्यांच्या घरी कमावता माणूस नाही त्यांच्यावर सगळ्यात जास्त पडतो. अनेक कंपन्या रुजू होणाऱ्याला लॅपटॉपची बॅग, पाण्याची बाटली आणि नाव छापलेला गोल गळ्याचा टी-शर्ट देतात. त्याऐवजी कॉलरचे दोन सुती शर्ट, छातीवर नाव न छापता, मापाप्रमाणे देता येतील. किंवा पोशाखाची यादी पाठवताना त्याच पत्रात पगारातून चार हप्त्यांत वळती होणारी उचल देऊ करता येईल, अर्ज न मागवता, सर्वांना सरसकट, म्हणजे ती कुणी घेतली हे टेबलावर बसलेल्या शेजाऱ्याला कळणार नाही.